गेले सहा, आले सहा

१

दुपारी दोन वाजता आमच्या खोलीखालची पिठाची गिरणी थांबायची. पट्ट्याची घरघर आधी जड व्हायची, मग अडखळायची, मग एकदम गप्प. लगेच माझ्या टेबलाखालचा यूपीएस ओरडायला लागायचा. २०१२ साल होतं आणि पनवेलच्या लाईन आळीत दोन ते पाच लाईट जायची म्हणजे जायचीच. गिरणीवाला काळूराम तेवढ्यात जेवून घ्यायचा आणि पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून घोरायचा. मला तसं घोरता येत नव्हतं.

माझा धंदा लोकांच्या वेबसाइट चालवण्याचा. वर खोलीत एक सर्व्हर होता, त्यावर अकरा साइट. त्यातली कळंबोलीच्या लोखंडवाल्याची साइट तीन तास बंद पडली तरी कुणाचं काही अडत नव्हतं. ती बघायला मालकसुद्धा फिरकत नसे. अडायचं ते करंज्याचं.

उरणजवळच्या करंज्याच्या एका मच्छीमार सोसायटीचं ते एकच पान. पानावर एक तक्ता. बोटीचं नाव, गेली किती वाजता, माणसं किती. आली किती वाजता, माणसं किती. बस. पहाटे जाऊन दुपारी परतणाऱ्या छोट्या बोटी होत्या त्या. काही करंज्यालाच लागायच्या, काही भाव बरा मिळाला तर परस्पर मुंबईत भाऊच्या धक्क्याला. त्यामुळे घरच्या बायका उरणच्या बाजारात बसूनही साध्या मोबाईलवर हे पान उघडून बघायच्या, आपला माणूस आला की नाही ते. आणि बोटी यायच्या नेमक्या दोन ते पाचमध्ये, माझं मशीन मेलेलं असायचं तेव्हा.

सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराज कोळी फोन करायचे. "अवधूतसाहेब, तुमची साइट म्हंजे सरकारी शिपाई हाय. दुपारी गिऱ्हाईक आलं का ही झोपली."

हे मला लागायचं. मी तसा तापट माणूस आहे, आणि कामावरून कुणी बोललेलं मला सहन होत नाही. मी ठरवलं, आता हे पान एक मिनिट बंद पडता कामा नये.

२

तक्त्यात माहिती भरायचं काम प्रणितचं. प्रणित माझा मित्र. पनवेलला कॉम्प्युटरचा डिप्लोमा आम्ही एकाच बाकावर बसून केला. मी शहरात दुकान टाकलं, तो करंज्याला परत गेला आणि सोसायटीच्या ऑफिसात लागला. पान त्याच्याच डोक्यातून निघालेलं. पासवर्ड फक्त त्याच्याकडे आणि माझ्याकडे.

त्याची एक सवय मला छळायची. बोट समोर दिसली तरी तो 'आली' लिहीत नसे. बोट धक्क्याला लागायची, दोर खुंट्याला बांधला जायचा, मग हा उठून बाहेर जायचा, माणसं मोजायचा, एकेकाच्या डोक्याला हात लावून, मोठ्यानं. आणि मग येऊन टाइप करायचा. भाऊच्या धक्क्याला लागलेल्या बोटीसाठी तिथे त्याचा मेहुणा सुभाष होता. त्यानंही दोर बांधलेला बघूनच फोन करायचा असा नियम.

"अरे, बोट दिसतेय ना? मग लिही की. वीस मिनिटं फुकट घालवतोस," मी म्हणायचो.

"दोर बांधल्याशिवाय आली म्हणत नाहीत आमच्याकडे, अव्या."

"का?"

"नाही म्हणत. तुमच्याकडे शनिवारी नखं कापत नाहीत, तसंच."

तो विषय मी सोडला आणि माझ्या हातात होतं ते केलं. दोन गोष्टी केल्या. पुण्यात एका कंपनीचं मशीन भाड्यानं घेतलं. माझा सर्व्हर चालू असेपर्यंत ते त्या पानाची नक्कल काढून ठेवायचं, आणि इथली लाईट गेली की तीच नक्कल लोकांना दाखवायचं. शिळं का होईना, पान उघडायचं. दुसरं, त्याच मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. त्याचं नाव मी पहारेकरी ठेवलं. दर मिनिटाला तो पानाला विचारायचा, आहेस का? उत्तर आलं की आलेलं पान जसंच्या तसं वहीत नोंदवल्यासारखं साठवायचा.

महिनाभर एकही खाडा नाही. शंभर टक्के. मी तो आकडा कागदावर छापून भिंतीला चिकटवला. धर्मराजांचा शिपायाचा विनोद बंद झाला, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

३

मार्चमधली दुपार. गिरणी थांबली होती, यूपीएस ओरडून ओरडून बंद पडला होता, सर्व्हरचे दिवे विझलेले. मी लॅपटॉपला डेटाकार्ड लावून सहज करंज्याचं पान उघडलं.

'जयमल्हार. गेली ४.१०, माणसे ४. आली २.२५, माणसे ५.'

मी घड्याळ बघितलं. दोन पस्तीस.

आता नीट लक्षात घ्या. दोननंतर माझ्या सर्व्हरवर कुणालाच काही लिहिता येत नव्हतं, कारण तो बंद होता. पुण्याची नक्कल दोनची. ती बदलूच शकत नव्हती. छापलेल्या फोटोत माणसानं पाय हलवावा, तसं झालं हे.

मी प्रणितला फोन लावला.

"जयमल्हार?" तो म्हणाला. "आत्ता खाडीच्या तोंडाशी दिसतेय. दहा मिनिटांत लागेल. का रे?"

"तू काही भरलंस का तिचं?"

"लागलीच नाही तर भरू काय? आणि लाईट नाही ना तुझ्याकडे."

"माणसं किती आहेत तिच्यावर?"

"चार. चारच गेली होती."

मी फोन ठेवला. खोलीत इतकं शांत होतं की खालचं काळूरामचं घोरणं वरपर्यंत ऐकू येत होतं. मी कारणं शोधायला बसलो. आमच्या धंद्यात कारण सापडत नाही असं होत नाही. यूपीएसवर सर्व्हर दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, तेवढ्यात काहीतरी झालं असेल. पुण्याच्या मशीनचं घड्याळ पुढे असेल. आणि चाराचे पाच? एकानं चुकणं ही तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची जुनी खोड. कुणी मोजणी शून्यापासून धरतो, कुणी एकापासून.

पुढच्या दोन आठवड्यांत अकरा वेळा तसं झालं. दर वेळी दोन ते पाचमध्येच. दर वेळी बोट लागायच्या आधी. दर वेळी माणसं एकानं जास्त. सहा गेले तर सात, तीन गेले तर चार. कधी दोनानं नाही. कधी कमी नाही. आणि बोट दर वेळी सुखरूप यायची.

करंज्याच्या बायका खूश होत्या. दुपारी लाईट गेली की पान झटकन उघडतं आणि आधीच सांगतं, असं त्या म्हणायला लागल्या. फक्त तो आकडा त्यांना खटकायचा. धर्मराज म्हणाले, "साहेब, आमची चार मानसं गेली आनि तुमी पाच आनता. पाचवा कुनाच्या घरात घालू?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली. आलेली माणसं आणि गेलेली माणसं जुळली नाहीत, तर गेलेल्यांचाच आकडा दाखवायचा. चार गेले, चार आले. पाच मिनिटांचं काम. चूक शोधायची सोडून मी तिच्यावर पांघरूण घातलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

४

एप्रिलमध्ये प्रणितनं जेवायला बोलावलं. मी मोटारसायकलवर गव्हाण फाट्यावरून उरण करत करंज्याला गेलो. घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. प्रणितची बायको रोशनी वाढत होती, आणि त्याची आई भीमाबाई उंबऱ्यात बसून जाळ्याची फाटलेली कड ओवत होती.

मी मोठ्या फुशारकीनं पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. दिवसाला एक हजार चारशे चाळीस वेळा विचारतो, म्हटलं. एकदाही उत्तर चुकत नाही.

भीमाबाईंचा हात थांबला. "कोनाला इचारतो?"

"पानाला, मावशी. आहेस का म्हणून."

"आनि कोन सांगतो?"

"मशीन सांगतं."

"मशीन तर दुपारचं बंद असतं म्हनतोस."

मी हसलो. समजावून सांगायला लागलो. त्या ऐकत नव्हत्या.

"बाला, बोटीचं सारखं इचारू नये," त्या म्हणाल्या. "एकदा इचारावं आनि गप बसावं. सारखं इचारलं का मग कोनतरी ओ देतो. आनि किनाऱ्यावरच्यानं मोजावं. बोटीतल्यानं मोजू नये. तो सोताला बी मोजतो."

"आई," प्रणित म्हणाला, "त्याला जेवू दे."

रोशनीनं मला आणखी एक तुकडी वाढली. चव मला आठवत नाही. परत येताना जासईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. त्या आकड्याबद्दल मी प्रणितलाही धड सांगितलं नव्हतं, त्याच्या आईला तर नाहीच.

५

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात 'एकवीराप्रसाद'वरचा एक खलाशी आजारी पडला. प्रणित त्याच्या जागी गेला. जाताना फोन केला होता. "आज मी चाललोय रे बोटीवर. बोट चालवणारे काशिराम तांडेल मागे लागलेत. आमची परतीची नोंद कोण करणार? परत येऊन मीच करतो, दोर बांधून." तो हसला. पहाटे चारला सहा माणसं गेली.

दोनला गिरणी थांबली. पावणेतीनला रोशनीचा फोन.

"भावोजी, बोट करंज्याला लागली नाय. पन पानावर आली दाखवतो. दोन बारा. सहा मानसं."

मी लॅपटॉपवर पान उघडलं. होतं तसंच. 'गेले ६, आले ६.'

"मग झालं की वहिनी. भाऊच्या धक्क्याला गेले असतील."

"फोन लागत नाय."

"बॅटरी गेली असेल. पासवर्ड त्याच्याकडेच आहे, मोबाईलवरून भरलं असेल त्यानं. आजपर्यंत पान कधी चुकलंय का?"

"नाय," ती म्हणाली. "कधीच नाय."

सव्वातीनला धर्मराजांचा फोन. वारं वाढलं होतं, बाकीच्या बोटी लागल्या होत्या. "दोन बोटी बघाया पाठवू काय? तुमचा पान तर आली सांगतो."

इथे मी काय बोललो ते मला रोज आठवतं. मी म्हणालो, "आली म्हणजे आली. उगाच कशाला डिझेल जाळता?" ज्या सर्व्हरवर कुणालाच काही लिहिता येत नव्हतं, तो माझ्या पायाशी विझून पडला होता, आणि मी हे म्हणालो. नाही म्हणायचं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. झाकलेला आकडा उघडा करावा लागला असता.

चार वीसला रोशनीचा परत फोन. या वेळी तिचा आवाज फाटला होता. "सुभाष धक्क्यावर फिरून आला. सगळा धक्का बघितला त्यानं. बोट तिथं नाय, भावोजी. ती कुटंच नाय."

६

मी पहारेकऱ्याची नोंद उघडली. माझं पांघरूण फक्त लोकांना दिसणाऱ्या पानावर होतं. नोंदीत दर मिनिटाचा खरा आकडा साठत होता.

२.१२ ला, आले ७.

सहा आणि एक. नेहमीसारखं. माझा जीव थोडा भांड्यात पडला. मी पुढे सरकवत गेलो.

२.५१ ला, आले ६.

३.२० ला, आले ५.

३.३८ ला, ४.

४.०२ ला, ३.

त्याआधी तो आकडा कधीही खाली आला नव्हता. मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. वरच्या पानावर शांतपणे लिहिलेलं होतं, गेले ६, आले ६. सव्वादोन तास ते तसंच लिहिलेलं होतं, आणि खाली आकडा उतरत होता. मी मोजलं. एक कायम जास्त, तो सोडायचा. धर्मराजांनी विचारलं तेव्हा पाच जण जिवंत होते. पाच.

मी फोन लावला आणि ओरडलो. "बोटी काढा! आत्ताच्या आत्ता काढा, पान खोटं आहे, मी खोटं बोललो!" धर्मराजांनी एक शब्द विचारला नाही. फोनमध्येच मला त्यांच्या धावण्याचा आवाज आला.

बोलत असतानाच ४.२६ ची नोंद आली. आले २.

म्हणजे एक. अजून एक जण होता.

मग मला पाचाची आठवण झाली. पाचला लाईट येणार, गिरणी सुरू होणार, माझा सर्व्हर जागा होणार, आणि पुण्याचं मशीन बाजूला होऊन सर्व्हरचं पान दाखवणार. त्या पानावर 'एकवीराप्रसाद'पुढे 'आली'च्या रकान्यात फक्त मोकळी जागा असेल. मग कळणारच नाही. मी टेबलाखाली शिरलो आणि सर्व्हरची वायर उपटून काढली. जे पान एक मिनिट बंद पडू नये म्हणून मी महिने घालवले, त्याचा सर्व्हर मी हातानं बंद ठेवला.

पहारेकऱ्याचं मिनिट मला पुरेना. मी त्याची वेळ बदलली. दर पाच सेकंदांनी विचार. आहेस का? २. आहेस का? २. आहेस का? २. पाचला खाली गिरणी सुरू झाली, जमीन थरथरायला लागली, भिंतीवरचा शंभर टक्क्यांचा कागद फडफडला. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही. त्या तासात मी सगळ्यांची घेतली.

पाच चाळीसला धर्मराजांचा फोन आला. एक जण मिळाला होता, रिकाम्या पिंपाला धरून. बोटीवरचा खलाशी कान्हा. जिवंत.

"आणि प्रणित?"

"आमी शोधतो," ते म्हणाले.

मी पडद्याकडे बघितलं. आले २. तो आकडा नंतर हलला नाही. चौघं पुढच्या तीन दिवसांत मिळाले, काशिराम तांडेल रेवसच्या बाजूला. प्रणित मिळाला नाही. बोट उलटली कशानं तेही कुणाला कळलं नाही.

७

कान्हा आठवडाभर उरणच्या दवाखान्यात होता. मी गेलो तेव्हा रोशनी आधीच तिथे बसली होती. मला बघून ती उठली नाही. मी झाकलेल्या आकड्याचं तिला आणि धर्मराजांना सगळं सांगून टाकलं होतं. कुणी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी मारलं नाही.

कान्हाचे ओठ मिठानं फुटलेले होते. तो छताकडे बघत बोलला.

"आमी सहाई जन पिंपाला धरून व्हतो. आनि कोनतरी इचारत व्हता. हाईस का? हाईस का? आमी बोलायचो, हाय. मग तो मोजायचा. पुन्ना इचारायचा."

"किती वेळानं?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"मिन्टामिन्टाला. बोलाया तोंड उघडला का पानी आत. काशिरामतांडेल बोलला, मी आता नाय देत ओ. मंग जरा वेळानं बघतो तं त्याचा हात दिसला नाय." तो थांबला. "शेवटाला तं लय घाई करत व्हता. दम घेऊ देत नव्हता. इचारतो, इचारतो, इचारतो. पन त्यानंच मना झोप नाय लागली. झोपलो असतो तं गेलो असतो."

त्याला त्या विचारण्यानं वाचवलं की बाकीच्यांना त्यानंच नेलं, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. दोन्ही उत्तरांनी झोप उडते.

रोशनी पहिल्यांदा बोलली. "कान्हाकाका, ते?"

"प्रणित बुडला नाय," कान्हा म्हणाला. "मी बघितला. सहा डोकी व्हती आनि मी मोजली तं सात आली. प्रणितला बी सातच आली. तो ऑफिसातला मानूस, त्याला चूक खपत नाय. तो बोलला, हा कोन जास्तीचा हाय, बघतो. आनि पिंप सोडून त्याच्याकडं गेला. मोजत मोजत गेला."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. त्याचं एक चाक करकरत होतं.

निघताना रोशनी दारापर्यंत आली. "भावोजी, तो आकडा अजून हाय?"

"आहे. दोन."

"त्यातला एक कान्हाकाका."

"हो."

"बदलला तर मला सांगाल? काय बी झाला तरी. झाकनार नाय ना?"

मी तिला शब्द दिला.

८

मे महिन्यात सोसायटीनं पान बंद केलं. ऑफिसबाहेर काळा फळा लावला, आणि धर्मराज स्वतः दोर बांधून झाल्यावर खडूनं लिहायला लागले. मी साइट पुसली. पुण्याचं मशीन सोडून दिलं. आता नक्कल नाही, पान नाही, पहारेकरी जिथे चालत होता ती जागासुद्धा माझी नाही.

तरी लॅपटॉपवर तो पत्ता टाकला की पान उघडत होतं. एकच ओळ उरली होती. 'एकवीराप्रसाद. गेले ६, आले २.' मी रोज दुपारी दोनला बघायचो. माझ्या बुद्धीला मी सांगायचो, कुठेतरी एखादी जुनी नक्कल पडून असेल, जाईल निघून. बुद्धी हो म्हणायची. हात मात्र दुसऱ्या दिवशी परत तिथेच जायचा.

जुलै. मासेमारी बंद. करंज्याच्या सगळ्या बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात त्या दिवसांत, पाण्यात एकही नसते. पावसात विजेची मागणी घटते, म्हणून आमच्याकडची लाईटही जात नव्हती. दोन वाजून गेले तरी खाली गिरणी चालूच होती. मी पान उघडलं.

'गेले ६, आले ३.'

मी ते बंद करून पुन्हा उघडलं. तीन. शेजारी वेळ होती, २.१२. भिंतीवरच्या घड्याळात दोन चौदा झाले होते.

सांगू नये असं वाटलं. खरंच वाटलं. दोनच आहेत म्हणायचं आणि पुन्हा त्या पत्त्याकडे बघायचं नाही. एक ओळ मी आधीही झाकली होती, तेव्हाही असंच सोपं वाटलं होतं. पण मी शब्द दिला होता. मी फोन लावला.

तिनं लगेच उचलला.

"वहिनी," मी म्हणालो, "आकडा बदलला."

"ठाव हाय, भावोजी." तिचा आवाज शांत होता. धावून आल्यावर माणूस बोलतो तसा थोडा दम लागलेला, पण आनंदी. तिला आनंदी ऐकून मला किती महिने झाले होते. "दोर मीच बांधला."

तिच्यामागे पाऊस वाजत होता, आणि लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येत होता, बोट धक्क्याला घासते तसा. मग कुणीतरी मोजायला लागलं. मोठ्यानं, एकेका डोक्यावर हात ठेवून मोजतात तसं, मध्ये थांबत. आवाज माझ्या ओळखीचा होता. दोन वर्षं तो माझ्या शेजारी, एकाच बाकावर बसला होता.

"एक."

"वहिनी, तिथून निघा," मी म्हणालो. "ऐका माझं. त्यानं काही विचारलं तर ओ देऊ नका."

"दोन."

"वहिनी!"

"तीन."

मग तो थांबला. मला फक्त पाऊस ऐकू येत होता, आणि खालून गिरणी. मग अगदी जवळून, रोशनीच्या अगदी कानाशी, त्यानं प्रेमानं विचारलं, हाईस का?

"हाय," रोशनी म्हणाली.

माझ्यासमोर पान उघडंच होतं. मी कशालाही हात लावला नव्हता. गेले सहा, आले चार.